जम्मूत समुद्र कुठून आला?

८ मेच्या रात्री तुम्ही कुठे होतात? मी अनसिंगला होते. नात्यातल्या एका लग्नात, पंगतीत बसलेले, एका हातात पुरी आणि दुसऱ्या हातात मोबाईल. समोरच्या रांगेतही तेच चाललं होतं. वाढपी "वरण, वरण" करत पुढे निघून गेला तरी कुणाचं लक्ष नाही. जम्मूत ब्लॅकआऊट, अमृतसरला ब्लॅकआऊट, धर्मशाळेतली आयपीएलची मॅच अकराव्या षटकातच थांबवली, प्रेक्षकांना बाहेर काढलं. तेवढ्यात मांडवातले लाइट गेले. पोरांनी एकच गलका केला, "ब्लॅकआऊट! ब्लॅकआऊट!" आणि अख्खा मांडव हसला. आमच्याकडे लाइट जायला पाकिस्तान लागत नाही, जरा वारं सुटलं तरी पुरतं. दोन मिनिटांत जनरेटर चालू झालं. मग डीजेही.

त्या दोन मिनिटांच्या अंधारात मी एक काम केलं. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. वर कुणीतरी लिहिलेलं होतं, "जम्मूच्या आर्मी कॅम्पवर पाकिस्तानचा हल्ला." व्हिडिओत एक मोठा पांढरा ढग फुगत जातो, मग धक्का बसतो आणि कॅमेरा पडतो. मी तो आधी पाहिलेला होता का? होता. कुठे पाहिला ते आठवत नव्हतं. पण दुसऱ्या ग्रुपवर एकोणीस जणांनी तो टाकला होता, त्यामुळे आपण मागे राहतोय असं वाटलं. एवढंच कारण. दुसरं कुठलंही मोठं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू अंगणात आल्या. त्यांचा मुलगा फौजेत आहे, पोस्टिंग त्याच भागात. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "हा तूच टाकला का व माय? हे आमच्या पोराचंच ठाणं हाय का?"

रात्रभर त्या झोपल्या नव्हत्या. ६ तारखेच्या संध्याकाळपासून पोराचा फोन लागत नव्हता. त्याने निघतानाच सांगून ठेवलं होतं की असं काही झालं तर फोन बंद येईल, घाबरायचं नाही. त्या तशा घाबरल्याही नव्हत्या म्हणे. माझा व्हिडिओ येईपर्यंत.

मी व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी नीट पाहिला. ढगाच्या अलीकडे निळं पाणी आहे. बंदर आहे. तो ४ ऑगस्ट २०२० चा बैरूतचा स्फोट होता. लेबनॉनच्या बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेला २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा साठा उडाला, दोनशेच्या वर माणसं गेली, तो. जगातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या स्फोटांपैकी एक. सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही त्या दिवसांत तो जुना असल्याचं जाहीर केलं होतं. आणि मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली मुलगी. फोटो कुठला, कधीचा हे कसं शोधायचं याचं प्रॅक्टिकल आम्हाला होतं. मार्कही बरे पडलेत. जम्मूत समुद्र कुठून आला, हा प्रश्न मला पडला नाही, तो त्या माऊलीने रात्रभर जागून काढल्यावर पडला.

मी त्यांना सांगितलं, काकू, हा जुना आहे, दुसऱ्या देशातला आहे. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. "बरं झालं बाई," म्हणून आत गेल्या आणि चुलीवर दूध ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे सगळं आज का सांगतेय? कारण परवा २६ जुलैला कारगिल विजय दिवस झाला. तुमच्या-माझ्या कॉलेजात भाषणं झाली, स्टेटस पडले, तिरंग्याचे डीपी लागले. "सीमेवर जवान लढतो आणि घरात आपण" हे वाक्य मी एकाच दिवसात तीन वक्त्यांकडून ऐकलं. मला प्रामाणिकपणे विचारायचंय, घरात आपण काय? मे महिन्यातल्या त्या चार दिवसांत तुम्ही नक्की काय केलंत?

मी सांगते अनसिंगने काय केलं. ७ मेला देशभर मॉक ड्रिल झाली, महाराष्ट्रात १६ ठिकाणी. मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, मनमाड, भुसावळ वगैरे. वाशिमचं नाव यादीत असण्याचं कारणच नव्हतं. आमच्याकडे भोंगा वाजला नाही, कुणी बाकाखाली लपलं नाही. पण भीती आली, आणि ती मोबाईलमधून आली. ९ तारखेला पेट्रोल पंपावर बाटल्या घेऊन रांग. किराणा दुकानात तेलाचे पाच-पाच पुडे. त्याच दिवशी इंडियन ऑइलला जाहीर सांगावं लागलं की साठा भरपूर आहे, गर्दी करू नका. माझा एक भाऊ सीएची परीक्षा देत होता, त्याचे ९ ते १४ मेचे पेपर पुढे ढकलले गेले, तो बॅग भरून घरी आला आणि दोन दिवस फक्त टीव्हीसमोर बसला. टीव्हीवर तर काय विचारता! ८ तारखेच्या रात्री काही चॅनेलांनी कराची बंदर उद्ध्वस्त केलं. सकाळी कराची जागच्या जागी होतं. बातम्यांमागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवायची एवढी फॅशन झाली की १० मेला केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगावं लागलं, कार्यक्रमांत सायरनचा आवाज वापरू नका, लोक खऱ्या सायरनकडे लक्ष देईनासे होतील. त्याच संध्याकाळी पाच वाजता युद्धविराम झाला. आमच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया काय होती माहितीये? "अरे यार, संपलं पण?"

हे वाक्य लिहिणारा मुलगा वाईट नाही. तो माझ्या ओळखीचा आहे, अडीअडचणीला धावून येणारा आहे. पण त्या चार दिवसांत त्याला कुणी काहीच काम दिलं नव्हतं. प्रेक्षक म्हणून बसवलं होतं. आणि प्रेक्षकाला मॅच लवकर संपली की वाईट वाटतंच.

आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांच्या लहानपणी युद्धाने लोकांकडे काहीतरी मागितलं होतं. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला सांगितलं, सोमवारी संध्याकाळी जेवू नका. अमेरिकेचा गहू पीएल-४८० खाली बोटींतून यायचा आणि तोच आपल्या गळ्याला फास होता. युद्ध झालं की मदत आखडते. मग घराघरात सोमवारी रात्री चूल पेटायची नाही, हॉटेलं बंद राहायची. आजोबा म्हणतात, "आम्हाले लय भूक लागे. पण कोनी तक्रार करत नव्हतं, कारन सगळ्याइलेच लागे." त्याच वर्षी आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. अनसिंगवरून सरळ पुढे गेलात की पुसद, इतकं जवळ. त्यांनी जाहीर सभेत सांगून टाकलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या. मग हायब्रीड ज्वारी शेताशेतात आली. तिची भाकर आमच्या आजीला कधी आवडली नाही, ती आजही नाक मुरडते. पण पेरली सगळ्यांनी. "जय जवान, जय किसान" ही घोषणा आपण भाषणाच्या शेवटी टाळ्यांसाठी वापरतो. तेव्हा त्यातला दुसरा अर्धा भाग अनसिंगच्या शेतकऱ्यासाठी सरळ कामाची ऑर्डर होती.

१९७१ चं ऐका. बांगलादेशातून लाखो निर्वासित भारतात येत होते. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं सोडून प्रत्येक टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं, निर्वासितांच्या मदतीसाठी. ३१ मार्च १९७३ पर्यंत ते चाललं. म्हणजे वाशिमहून कुणी मुलीच्या सासरी पाकीट धाडलं तरी त्यात पाच पैसे कुठल्यातरी छावणीतल्या, कधी न पाहिलेल्या बाईसाठी जायचे. मला ही कल्पना फार आवडते. पाच पैसे म्हणजे काही नाही, पण जीभ लावून ते तिकीट चिकटवताना क्षणभर तरी आठवण होणारच ना, की हे कशासाठी?

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. लढाई इंग्रजांची, टंचाई आपली. तांबं तोफगोळ्यांना लागतं म्हणून १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. आमच्या घरी पणजीच्या डब्यात असे चार पैसे आहेत, लहान पोरांच्या करदोड्यात ओवायचे म्हणे. रुपयातली चांदी घटवली. घड्याळ एक तास पुढे ढकललं, १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत. सूर्य आणि शेत मात्र जुन्याच वेळेवर चालले असणार.

मी जुना काळ सोन्याचा होता असं म्हणत नाहीये, हे आधीच सांगते. उपाशी राहणं काही रम्य नसतं. तेव्हाही अफवा होत्या, साठेबाजी होती, रेशनच्या रांगेत भांडणं होती. माझं म्हणणं इतकंच की तेव्हाच्या माणसाला आपल्या वाट्याला काय आलंय ते कळत होतं. आपल्या वाट्याला फक्त रिचार्ज आला.

आणि युद्ध आपल्यापर्यंत पोचत नाही असंही नाही. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन पेटलं तेव्हा टीव्हीवर आपण टँक पाहत होतो आणि तिकडे कृषी केंद्रावर पोटॅशची बॅग १,७०० रुपयांवर गेली होती. डीएपीची १,२०० ची बॅग १,३५० झाली, तीही सरकारने अनुदान वाढवलं म्हणून तेवढ्यावर थांबली. सूर्यफुलाच्या तेलाचं तर तुमच्या आईला विचारा. सोयाबीन पेरणाऱ्या माणसाने बेलारूस हा शब्द पहिल्यांदा खताच्या दुकानात ऐकला. हे युद्ध मात्र कुणाच्या स्टेटसला आलं नाही. खताच्या बिलाला बॅकग्राउंड म्युझिक लागत नाही ना.

आता कॉलेजवाल्यांसाठी एक गोष्ट, जी मला इंटर्नशिपच्या निमित्ताने जुनं काही चाळताना लक्षात आली. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची केली होती. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, ती ऐच्छिक झाली. मग ज्यांना परेड नको त्यांनी दुसरं काय करायचं, या चर्चेतून २४ सप्टेंबर १९६९ ला एनएसएस सुरू झाली. म्हणजे ज्या एनएसएसच्या कॅम्पला आपण दहा मार्कांसाठी आणि पोह्यांसाठी जातो, तिच्या जन्मामागे हाच प्रश्न होता की तरुण पोराने देशासाठी नेमकं करायचं काय. याच १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदाही झाला. तो कायदा आजही आहे. १० मेला केंद्राच्या माय भारत पोर्टलने तरुणांना नागरी संरक्षण स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायचं आवाहन केलं होतं. तुमच्यापैकी किती जणांना ते दिसलं? मला दिसलं नव्हतं. माझ्या फीडमध्ये बैरूत होतं.

माझ्या एका मैत्रिणीने हा लेख लिहिण्याआधीच मला झापलं. म्हणाली, "एका फॉरवर्डसाठी एवढा मोठा अपराधीपणा कशाला? आणि लोकांनी देशप्रेम दाखवूच नये का?" दाखवावं. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. राग येणारच, यायलाच हवा. मला रागाचा त्रास नाही. मला त्रास याचा होतो की तो राग काढायची जागा म्हणून आपण जिच्या पोराचा फोन बंद आहे, तिच्याच मोबाईलवर जाऊन पडलो. त्याच गल्लीत राहून. तिच्या दारावर टकटक करून "काकू, काही हवंय का?" विचारायला पन्नास पावलं चालावी लागली असती.

लग्नातल्या डीजेवरूनही त्या रात्री वाद झाला होता. दोन-तीन पोरं म्हणाली, देशात युद्ध चालू आहे, डीजे बंद करा. वर पक्ष तापला. शेवटी एक म्हातारे फेटेवाले उठले आणि म्हणाले, "वाजू द्या. पोरीचं लगन एकदाच होते. पन त्या अमुकच्या घरी ताट गेलं का पाहा आधी." अमुक म्हणजे काकूंचं घर. ताट गेलेलं नव्हतं. मग कुणीतरी धावत जाऊन दिलं. मी तेव्हा त्यातही नव्हते. मी व्हिडिओ टाकत होते.

पहाटे पाचला वाशिम-पुसद रस्त्यावर या कधी. अंधारात पोरं पळताना दिसतील, पायात फाटके बूट, मागे एक जण गाडीवर स्टॉपवॉच धरून. पोलिस भरती, आर्मी भरती. त्यांच्यातले काही अग्निवीर होतील. चार वर्षं, मग चारातला एक राहणार, तीन घरी परत, पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस ट्रेनिंगला गेली, म्हणजे २०२६ च्या शेवटी त्या पोरांची चार वर्षं भरतात. आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला ड्युटीवर गेला तो परत आलाच नाही. कर्तव्यावर असताना तिथे प्राण गेलेला तो पहिला अग्निवीर. त्यानंतर अशा घराला काय मिळतं आणि काय मिळत नाही यावर दिल्लीत बरीच जुंपली. तुम्ही "जय हिंद"चा स्टेटस ठेवता त्या वयाची ही पोरं आहेत. तुमच्याच बेंचवर बारावीपर्यंत बसलेली. ती परत आली की त्यांना कॉलेजात प्रवेश कसा मिळणार, मधली वर्षं कशी भरून निघणार, हे तुमच्या प्राचार्यांना विचारलंत कधी? माझ्या मते घरातल्या आघाडीचा हा सगळ्यात अवघड पेपर आहे आणि त्याचा अभ्यास कुणीच केलेला नाही.

म्हणून मी कॉलेजकडे मागणार आहे ते फार मोठं नाही. एनएसएसच्या युनिटकडे आपल्या दत्तक गावातल्या फौजी घरांची माहिती असावी. फोटोसाठी नको, कामासाठी. बियाणं आणायला माणूस नाही, बँकेत केवायसी अडलंय, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचंय, असली साधी कामं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वाशिमलाही आहे. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा छोटा झेंडा शर्टाला टोचून घेण्यापलीकडे तुम्ही त्या कार्यालयाचं दार पाहिलंय का? आणि दुसरं, प्रथमोपचाराचं खरं ट्रेनिंग. छाती दाबून श्वास कसा परत आणायचा, जळालेल्या माणसाला काय करायचं, काय करायचं नाही. युद्ध नाही झालं तरी अनसिंगच्या रस्त्यावर अपघात होतातच, मळणीयंत्रात हात जातातच. अंधारात मोबाईल काढून व्हिडिओ करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

तिसरी गोष्ट मी स्वतःपुरती ठरवलीये, तुम्हाला पटली तर बघा. युद्धाच्या दिवसात ग्रुपवर काही टाकण्याआधी मी त्या ग्रुपमधली नावं वाचते. वरून खालपर्यंत. यात फौजीची आई कोण, बायको कोण, बहीण कोण. मग बहुतेक वेळा टाकण्यासारखं काही उरत नाही.

११ मेला, रविवारी दुपारी, काकूंच्या पोराचा फोन आला. मी तिथेच बसलेले होते, भेंडी चिरत. माफी मागून झाली होती, त्यामुळे आता भेंडी चिरण्यावर आले होते. काकूंनी स्पीकर लावला. आवाज तुटत होता. त्याने युद्धाचं एक अक्षर काढलं नाही. विचारलं, अवकाळी पडला का, घरचं सोयाबीनचं बियाणं उगवण तपासायला ठेवलं का, बाबांची गोळी चालू आहे ना. मिनिटभर बोलला असेल. काकू नुसत्या "हो, हो" करत होत्या. फोन ठेवताना म्हणाल्या, "तू जेवला का?" तोवर लाइन तुटली होती.

त्यांनी मोबाईल पदराने पुसला, फळीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "चाल, बियानं मोजू लाग. शंभर दाने पाह्यजेत, बारदान्यात गुंडाळून ठेवू. सांगतलं न् त्यानं."

आम्ही मोजायला बसलो. माझे दोनदा चुकले.